लेबल नसलेली रेकॉर्ड

नाल्डो : पुन्हा. पहिल्यापासून.

वेन्डेल : तिसऱ्यांदा?

नाल्डो : दुसऱ्यांदा. सरळ बस. मी म्युझियमची बाई आहे. "मिस्टर प्रायर, सत्त्याहत्तर साली तुम्ही आणि मिस्टर रेनाल्डो किन्योनेस ब्राँक्सच्या क्रोटोना पार्कात काय करत होता?"

वेन्डेल : ती अशी नाकातून बोलते?

नाल्डो : फोनवर बोलते. उत्तर दे.

वेन्डेल : दिव्याच्या खांबाचं झाकण उघडून वीज चोरत होतो.

नाल्डो : वेन्डेल.

वेन्डेल : मग रेकॉर्डचं टर्नटेबल कशावर फिरणार होतं, तुझ्या तोंडाच्या वाऱ्यावर?

नाल्डो : ती अकरा वाजता येतेय, कॅमेरा घेऊन. पाऊण तास उरलाय. काल माझे चार तास त्या डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडण्यात गेले, आज अंगात त्राण नाही, तरी चार जिने चढून आलोय. नीट सांग.

वेन्डेल : विचार. मोठ्यानं विचार, डावा कान गेलाय.

नाल्डो : "तुमच्या त्या प्रसिद्ध ब्रेकबद्दल सांगा."

वेन्डेल : गाण्यात एक जागा येते, मॅडम. सगळी वाद्यं गप्प होतात, नुसता ड्रम उरतो. पोरं तेवढ्यासाठीच तासभर कुंपणाला टेकून उभी असायची. आमच्या त्या रेकॉर्डवर ही जागा अकरा सेकंदांची. मी सुई उचलून मागे न्यायचो. परत अकरा. परत मागे. अर्धा तास अकराच सेकंद. आणि वर हा नाल्डो माइकवर बडबडायचा.

नाल्डो : बडबडायचा?

वेन्डेल : यमकं जुळवायचा. खूश?

नाल्डो : पुढे. "बाकीचे डीजे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवायचे, दोन टर्नटेबलांवर; एकीवर ब्रेक संपला की दुसरीवर सुरू. तुम्ही एकाच प्रतीवर हातानं का करत होता?"

वेन्डेल : हे तिनं विचारलंय?

नाल्डो : मी विचारतोय. पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं.

वेन्डेल : हाताची सफाई. लोकांना दाखवायची.

नाल्डो : मला वाटलंच होतं. शायनर. बरं, आता मुख्य. "त्या रेकॉर्डचं नाव काय?"

वेन्डेल : पाणी दे.

नाल्डो : आधी नाव. तिनं स्पष्ट सांगितलंय, नाव नसेल तर ती नुसती काळी थाळी. नाव दिलं तर काचेच्या पेटीत रेकॉर्ड, मागे पार्कातला फोटो, खाली आपली दोघांची नावं. नाही दिलं तर पेटी त्या वेब्स्टर अव्हेन्यूवाल्या डीजेंना. त्यांची रेकॉर्डच्या नावांची यादी टाइप करून तयार आहे म्हणे.

वेन्डेल : त्यांना बीट पकडता येत नव्हता.

नाल्डो : यादी करता येते ना. बोल.

वेन्डेल : मॅडम, आमच्या काळी नाव सांगत नसत. कुणाला ब्रेक सापडला की बाकीचे टर्नटेबलवर वाकून लेबल वाचायचे, दुसऱ्या दिवशी दुकानातून तीच उचलायचे. म्हणून मी रेकॉर्डी आईच्या बाथटबमध्ये कोमट पाण्यात भिजत घालायचो आणि लेबलं खरवडून काढायचो. शनिवारी घरात कुणाला आंघोळ मिळायची नाही. आई म्हणायची, या पोरानं भांड्यांना कधी असं घासलं नाही.

नाल्डो : हे छान. हे सांग. पण नाव?

वेन्डेल : ते माझ्याबरोबर जाणार.

नाल्डो : बंद कर. पुन्हा.

वेन्डेल : काय पुन्हा?

नाल्डो : हेच वाक्य. एकोणऐंशी साल, ब्रॉडवेवरचं ऑफिस, समोर रेकॉर्ड कंपनीचा माणूस, शेजारी त्याचा वकील. आपली रेकॉर्ड निघणार होती, वेन्डेल. वादक ठरलेले होते. वकिलानं एवढंच विचारलं की मूळ रेकॉर्डचं नाव सांगा, मालकाची परवानगी घेतो, नाहीतर उद्या कोर्टात खेचतील. आणि तू उठलास. "ते माझ्याबरोबर जाणार." दार आपटून चालता झालास. मी तिथंच बसून होतो, टोपी हातात घेऊन. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या पोरांना घेतलं.

वेन्डेल : माहितेय मला.

नाल्डो : एकतीस वर्षं बस चालवली मी. ती पोरं माझ्याच बसमधल्या लोकांच्या रेडिओवर वाजायची. मागच्या सीटवर कुणी ठेका धरला की आरशात बघायचो आणि तुझ्या नावानं शिव्या घालायचो. फोर्डहॅम रोडच्या स्टॉपला एक, ट्रेमाँटच्या स्टॉपला एक. त्यावर दिवस निघायचा. आता शिव्या घालायलाही जोर नाही. नाव दे आणि सोड मला.

वेन्डेल : मी अजून एकदा सांगतो. पहिल्यापासून. कॅमेरा चालू आहे समज.

नाल्डो : आहे.

वेन्डेल : सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात फुटपाथवरच्या खोक्यातून तीस रेकॉर्डी एकदम घेतल्या. कव्हरवर ड्रमवाला दिसला की घ्यायची, असा हिशेब. घरी आणल्या आणि त्याच रात्री सगळ्या टबात घातल्या.

नाल्डो : हे सांगून झालंय.

वेन्डेल : हे नाही झालं. आधी धुतल्या. मग ऐकल्या.

नाल्डो : म्हणजे?

वेन्डेल : म्हणजे तेच. घाई. तू सगळीकडे बोंबलत फिरायचास की वेन्डेलकडे असा माल आहे, तसा माल आहे. वेब्स्टरवाल्यांची माणसं जिन्यात बसलेली असायची. म्हटलं, आधी लेबलं जाऊ देत. कव्हरं फाडून फेकली. तीस काळ्या थाळ्या. दुसऱ्या दिवशी एकेक लावत गेलो. एकविसावी असेल. ड्रम सुरू झाला आणि माझ्या मानेवर काटा आला.

नाल्डो : थांब.

वेन्डेल : उलटीसुलटी करून बघितली. काही नाही.

नाल्डो : मधे, गाणं संपतं तिथं, कंपनीचा नंबर कोरलेला असतो. तो?

वेन्डेल : पॉलिशपेपरनं घासला होता. मी कामात चोख होतो.

नाल्डो : तुला नाव माहीत नव्हतं.

वेन्डेल : नाही.

नाल्डो : त्या ऑफिसात?

वेन्डेल : तेव्हाही नाही. कधीच नाही. म्हणून एकच प्रत. दुसरी मागायची कुठल्या नावानं? एकोणीस वर्षांचा होतो मी, नाल्डो. अख्खं ब्राँक्स मला उस्ताद म्हणत होतं. त्या वकिलासमोर काय सांगू, की माझीच रेकॉर्ड मला ओळखता येत नाही? दार आपटणं सोपं होतं.

नाल्डो : मला तरी सांगायचंस. बाहेर. जिन्यात.

वेन्डेल : तू चार दिवसांनी भेटलास. तोवर लोक म्हणायला लागले होते, काय ताठ माणूस आहे, विकला गेला नाही. ऐकायला बरं वाटत होतं. शिवी घाल.

नाल्डो : कशाला घालू? ताठपणाला घालत होतो, तो तर नव्हताच.

वेन्डेल : एखादं नाव ठोकून देऊ या. तिला काय कळणार?

नाल्डो : ती तपासून बघणार. शिकलेली आहे. काढ ती रेकॉर्ड. नातीनं माझ्या फोनमध्ये एक टाकून दिलंय, गाणं ऐकवलं की नाव सांगतं.

वेन्डेल : मी केलंय. पाच वर्षांपूर्वी. ग्रंथालयातल्या पोराकडून. नाही सापडलं.

नाल्डो : पाच वर्षांत फोन शहाणे झालेत. लाव.

वेन्डेल : खालच्या खोक्यात आहे. वाकता येत नाही मला.

नाल्डो : मला येतं? ... ही?

वेन्डेल : ती नाही. टवका उडालाय ती. हं. कडेला धर, कडेला. कुठून लावू?

नाल्डो : ब्रेकपासून. बाकीचं कुठं येतं आपल्याला... गप्प. ऐकतोय फोन.

वेन्डेल : काय म्हणतो?

नाल्डो : शोधतोय.

वेन्डेल : आता?

नाल्डो : नाही सापडलं म्हणतो. मागे घे.

वेन्डेल : घेतली.

नाल्डो : नाही. परत.

वेन्डेल : झालं?

नाल्डो : नाही म्हणतो. कुणीतरी दोन-तीनशे प्रती काढल्या असतील आणि विसरून गेले असतील. गेली पेटी.

वेन्डेल : माझ्यामुळे संधी गेली. दोनदा.

नाल्डो : हो. दोनदा. हात काढ.

वेन्डेल : ब्रेक संपत आलाय. सुई मागे घ्यायला...

नाल्डो : नको घेऊस. जाऊ दे पुढे. पुढचं कधी ऐकलंयस का?

वेन्डेल : तरुणपणी एकदा. आठवत नाही. आता मला वरचे सूर ऐकूच येत नाहीत. स्पीकरवर हात ठेवला की ड्रम तेवढा कळतो.

(दारावरची बेल वाजते. वेन्डेलला ती ऐकू येत नाही. नाल्डो उठत नाही.)

वेन्डेल : काय आहे पुढे?

नाल्डो : बाई गातेय. जरा बेसूर आहे.

वेन्डेल : काय म्हणतेय?

नाल्डो : कुणाला तरी घरी बोलावतेय. जेवण झाकून ठेवलंय म्हणते.

वेन्डेल : येतो का तो?

नाल्डो : अजून एक कडवं आहे. ऐकू दे.