आतून लावलेलं कुलूप

आई : ठेव ती बॅग खाली. आधी ठेव. बॅग हातात धरून उभ्या असलेल्या माणसाशी मी बोलत नसते.

मुलगा : ठेवली की तू बोलशील, मग जेवायला वाढशील, मग संध्याकाळ होईल. मागच्या रविवारी असंच झालं. कुलूप काढ, आई.

आई : काढत नाही जा! किल्ली ही बघ माझ्या मुठीत. हिंमत असेल तर घे ओढून.

मुलगा : ओढणार नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे तूच शिकवलंस. मी विचारतोय. किल्ली घेऊ?

आई : नाही.

मुलगा : बरं. थोड्या वेळाने परत विचारतो.

आई : जन्मभर घसा कोरडा केला, त्यातलं नेमकं हेच बरं लक्षात राहिलं!

मुलगा : सगळंच राहिलंय. सांगू?

आई : नको. बाहेर कोण खोकलं? आला वाटतं तुझा शिंपी.

शिंपी : मीच, मावशी. खाली टेम्पो उभा आहे.

आई : मावशी? माझी बहीण कधी बघितलीस का रे तू?

शिंपी : बरं, काकू म्हणतो.

आई : काही म्हणू नकोस. दाराबाहेरून नाती जोडायला निघालाय!

शिंपी : तू ठीक आहेस ना रे आत? आवाज अडवायची ती कानातली बोंडं घातलीस?

मुलगा : नाही घातली. ती ओरडते तेव्हा दुखतं. पण आज मी जातोय, म्हणून तिचं सगळं ऐकायचंय.

आई : ऐका! आईचा आवाज आता दुखायला लागला.

मुलगा : आता नाही, पहिल्यापासून. लहानपणी मी सांगितलं होतं. तू म्हणालीस, सवय होईल.

आई : मग? झाली नाही?

मुलगा : नाही.

आई : हे बघ, राजा. मामीने स्थळ आणलंय. मुलगी गरीब स्वभावाची आहे, तोंडातून शब्द काढत नाही. तुझ्या तऱ्हा निमूट सांभाळेल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासतोस, घरी येऊन भिंतीकडे बघत बसतोस. माझ्यामागे तुला कोण बघणार? एवढाच घोर आहे मला.

मुलगा : मला पुरुष आवडतात. त्यातही हा आवडतो. तिच्याशी लग्न केलं तर तीही या कुलपात येईल.

आई : हळू बोल मेल्या! समोरची बाई दाराला कान लावून असते.

शिंपी : समोर कुलूप आहे, काकू. बाहेर गेलेत सगळे.

आई : तिचा काय भरवसा? बाहेरून कुलूप घालून आत बसायची. आणि तू रे शिंप्या, तुला काय ठाऊक याचं? त्या डॉक्टरणीने याच्या आजाराला काय ते नाव दिलंय...

मुलगा : आजार नाही. ऑटिझम.

आई : तेच ते. चाळिशीला टेकलेल्या पोराला नव्याने नाव ठेवणारी ती कोण? मी विचारते, हा भिंतीवर डोकं आपटायला लागला की काय करतोस तू?

शिंपी : दिवा घालवतो. मशीन थांबवतो. भिंतीला उशी लावतो आणि जरा लांब जाऊन बसतो.

आई : लांब? जवळ घेत नाहीस?

शिंपी : त्याने हात पुढे केला तर घेतो.

आई : मी घट्ट धरून ठेवायचे. दोन्ही हातांनी.

मुलगा : हो. मला श्वास घेता यायचा नाही. पण तू रडत असायचीस.

आई : मला शंका आलीच होती. सदरे धुताना कळतं ना. मी मानेमागचं लेबल कात्रीने कापायचे, थोटूक राहायचं, टोचायचं याला. हल्ली बघते तर लेबलाची शिवण उसवलेली, दोरा न् दोरा वेचून काढलेला. म्हटलं, इतकी निगुतीची कोण सटवी भेटली याला?

शिंपी : सटवी नाही, काकू. शिंपी.

आई : दात काढू नकोस! सटवी परवडली असती.

मुलगा : किल्ली घेऊ?

आई : थांब जरा. ऐका दोघं. मागची खोली देते. तूही इथेच राहा, शिंप्या. बाहेर सांगायचं, भाडेकरू ठेवलाय. मामीला मी गुंडाळते.

शिंपी : खरं म्हणता? ऐकलंस का रे? वाईट नाही. मशीन मावेल मागे. आपल्याला धड खोली तरी कोण देतंय? तो नवा घरमालकसुद्धा सारखा विचारतो, तुम्ही एकमेकांचे कोण.

मुलगा : आता नाही विचारणार. काल मी त्याला खरं सांगितलं.

शिंपी : सांगितलंस? काय म्हणाला?

मुलगा : म्हणाला, आवाज नको. मी म्हटलं, मलाही नको.

आई : धन्य आहे! आणि मामीने विचारलं तर तोंडातून 'भाडेकरू' एवढं निघणार नाही?

मुलगा : नाही निघणार. खोटं बोललो की घास उतरत नाही. इथे रोज कुणीतरी विचारेल.

शिंपी : मी देत जाईन उत्तर. तू नुसता गप्प राहा.

मुलगा : हे आईचं वाक्य आहे.

शिंपी : हो रे. चुकलं. खोल्या बघून बघून दमलोय मी, म्हणून.

आई : म्हणजे जगजाहीर करूनच निघालात. आणि मी? मी या चार भिंतींत कुणावर ओरडू?

मुलगा : तू घाबरलीयेस का, आई? चेहऱ्यावरून मला नीट कळत नाही, म्हणून विचारतोय.

आई : मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

मुलगा : कुणाला, ते नाही विचारलं.

(किल्लीची मूठ पदराखाली जाते.)

मुलगा : ठीक आहे. मी इथे दाराला टेकून बसतो.

शिंपी : मीही बसतो. टेम्पोवाल्याला जायला सांगतो.

आई : किती वेळ बसणार असे?

मुलगा : तू उघडेपर्यंत.

आई : आणि नाहीच उघडलं तर?

मुलगा : मग तिघंही अडकलो.

आई : शिंप्या.

शिंपी : काय, काकू?

आई : जिन्यातली लादी गार असते. खाली काहीतरी घेऊन बस.