घरामागच्या टाक्यांची मोजणी

बस चुकली म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकू वैतागल्या होत्या. तेवढ्यात रांगेत पुढे उभ्या असलेल्या नणंद-भावजयांचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांनी कान टवकारले.

“वहिनी, आमच्या पाहणीचा अहवाल मंजूर झाला! आता बाहेरून मत्स्यबीज आणणं बंद!”

“म्हणजे माझी माशांची पिल्लं इथेच खपणार?”

“सगळी! इतकी वर्षं आमचं ऑफिस फक्त मोठी केंद्रं मोजायचं. बायका घरामागच्या टाक्यांत पिल्लं वाढवतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं.”

“मी घसा फोडून सांगत होते ना!”

“म्हणून तर दारोदार फिरले. साहेब म्हणाले, एवढं बीज अचानक आलं कुठून? म्हटलं, होतंच, आपण विचारलं नव्हतं.”

“आणि माझ्या नावापुढे काय लिहिलंस? गृहिणीच ना?”

“मत्स्यबीज उत्पादक.”

“परत म्हण.”

“मत्स्यबीज उत्पादक! अगं वहिनी, रडतेस काय?”

“रडत नाहीये. तुझ्या दादाला फोन लाव आणि हेच सांग. स्पीकरवर टाक.”

बस आली. काकू धक्के खात चढल्या आणि नेमकी त्या दोघींच्या मागची जागा पटकावून बसल्या.

“आवाज जरा मोठा ठेवा हं,” त्या म्हणाल्या.