तात्यांचा कूट, सरपंचांचा गूळ

मास्तर असून मी एका पोरीपुढं कसा लहान ठरलो, ते सांगतो. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या शाळेतल्या मुलींना खो-खोच्या सामन्यांसाठी नगरला जायचं होतं. गाडीभाड्यासाठी त्यांनी शेंगदाण्याचे लाडू केले आणि आठवडे बाजारात विकायला बसल्या. ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली होती. हरलेल्या पॅनलचे तात्या आले, लाडू उचलला आणि विचारलं, "गूळ कुनाच्या घरचा?"

"सरपंचांनी दिला," सातवीतली आरती म्हणाली.

तात्यांनी लाडू परत ठेवला. "मंग ऱ्हाऊ दे."

शेजारीच सरपंच उभे होते. ते म्हणाले, "आन् शेंगा ह्यांच्या आसतील, तर आमालाबी नको."

दोघांची माणसं पाठ फिरवायला लागली. मी मधे पडायला हवं होतं. पण उद्या दोघांशीही गाठ, म्हणून मी पिशवीतली भाजी बघत बसलो.

आरतीनं तोच लाडू तात्यांपुढं धरला. "तात्या, ह्यातला कूट तुमच्याच शेंगांचा हाय. तुमचा कूट तेवढा काढून घ्या. ऱ्हायलेला गूळ आमी सरपंचांना माघारी देतो."

आवाजात ना थट्टा, ना राग. तात्यांनी लाडू दोनदा फिरवून पाहिला, मग अख्खा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "त्या सरपंचालाबी एक दे. कळू दे, माझ्या शेंगा कशा असत्यात."

सरपंचांनी दोन खाल्ले.

तेव्हापासून हजेरी घेताना आरतीचं नाव आलं, की मीच खुर्चीतून उठतो.