मे महिन्यातली गोधडी

हसा, हसा! मे महिना, दुपारचं दोन वाजल्यात, आणि हा आण्णा ओट्यावर गोधडी पांघरून बसलाय, म्हणून हसताय न्हवं? ताप न्हाय आला मला, पावणं. माझ्याच तोंडानं ही पाळी आणलीया... जरा हळू हसा की, आत व्याही झोपल्यात!

तुम्हाला सांगतो, मला दोन पोरी. थोरली निशिगंधा चिपळूणला दिली, धाकटी मोना नागपूरला. स्थळं चांगली आली, दिल्या! हवा बघून कोण पोरगी देतंय व्हय?

गेल्या वर्षी एप्रिलात निशिगंधाच्या डोहाळजेवणाला चिपळूणला गेलतो. घाम म्हणजे काय... अंघोळ करून टॉवेलनं अंग पुसायचं, तर पुसतोय ते पाणी का घाम, पत्ताच लागत न्हाय! टॉवेल चार दिवस वाळला न्हाय. पानातला पापड मऊ! आणि व्याही उघडंबंब झोपाळ्यावर बसून म्हणत्यात, "अहो आण्णा, शर्ट कसला घालताय? काढा तो! खाडीवरनं वारा येईल आता." चार दिवस राहिलो, ते वारं काय आलं न्हाय. म्हणलं, आमच्या कोल्हापुरात असलं न्हाय!

तिथनं सुटलो तर मेमध्ये मोनाची वास्तुशांत, नागपूरला! तिथं घाम दिसतच न्हाय, आल्या आल्या वाळतोय! नळाला आपोआप कढत पाणी. घराबाहेर पडायचं म्हणजे खिशात कांदा, डोक्याला पंचा... आणि कूलर एवढा मोठा की त्याच्यापुढं ओरडून बोलायला लागतंय. मी ओरडलो, "लै ऊन हाय हो!" तर व्याही, "हे काहीच नाही जी! पुढच्या हप्त्यापर्यंत थांबा, मंग दाखवतो तुम्हाले उन्हाळा!" आता माणूस उन्हाचीबी फुशारकी मारतोय, मग मलाबी राहवलं न्हाय. म्हणलं, आमच्या कोल्हापुरात असलं न्हाय! मे महिन्यात दुपारी गोधडी घेऊन झोपतो आम्ही!

झोपतो का? कधी झोपलोय? पण बोलून बसलो की! आणि तेच चिपळूणला फोनवर परत सांगितलं.

औंदा दोघंबी व्याही आलं. एकाच आठवड्यात, बायकांसकट, गारव्याला! आणि औंदा आमच्याकडं काय झालंय? जोतिबाच्या डोंगराकडं रोज ढग जमत्यात, पाऊस न्हाय, वारं न्हाय, नुसतं गदमदतंय. नागपूरकर म्हणत्यात, "हे तर चिपळूण झालं जी!" चिपळूणकर म्हणत्यात, "छे छे, आमच्याकडे एवढं ऊन कुठे? हे नागपूर!" आमच्या कोल्हापुरात असलं न्हाय, असं म्हणायची सोयच ऱ्हायली न्हाय.

बरं, पावणं आलं म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा पायजेच. उन्हाळा हाय म्हणून काय वरण-भात वाढायचा व्हय? भर बाराला दोघं वाट्या तोंडाला लावत्यात, आणि टकलावरनं घाम थेट ताटात! मी बघितलं, आता शब्द चालला. ट्रंकेतनं गोधडी काढली आणि पांघरली! म्हणलं, "जरा गारवा सुटलाय न्हवं?" आत मला मटकीसारखं मोड यायची पाळी!

आता शालूबाई, आमची मालकीण. तीन उन्हाळं झालं, ती एसी मागतीया, आणि मी म्हणतोय, "कोल्हापुरात एसी? लोक काय म्हणतील!" त्या दिवशी भाकरी थापता थापता तिला भोवळ आली, गॅसपाशीच मटकन बसली. खोटं कशाला बोलू, लै वाईट वाटलं मला. धावलो, पाणी मारलं, कांदा हुंगवला... तिनं डोळं उघडलं, आधी माझ्या अंगावरच्या गोधडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. अहो, शालूबाईचं ते बघणं म्हणजे काय, ते तुम्हाला काय सांगू!

दुसऱ्या दिवशी दोन्ही व्याह्यांनी मला न विचारता एसी आणला, माणूस बोलवून बसवलाबी. "वहिनींना आमच्याकडून भेट!" मी म्हणलं, चला! पावण्यांनी आणलाय, म्हणजे माझा शब्दबी ऱ्हायला आणि गार हवाबी मिळाली. उशी काखेत मारून पहिला दारात हजर! तर शालूबाई आडवी.

"तुम्ही कुठं?"

"झोपायला की."

"आत लै गार हाय. तुम्हाला बाहेरच थंडी वाजतीया, आत काकडून जाल!"

आतनं चिपळूणकर, "हो हो, आण्णांना सोसायचं नाही हो!" नागपूरकर, "दार लावा जी, गारवा चालला!"

लागलं दार.

आता मंडळी मृगापर्यंत राहणार म्हणत्यात. रोज दुपारी रस्सा खाऊन ती सगळी आत, आणि मी हितं. गोधडी काढावी म्हणलं तर खिडकीतनं शालूबाई बघतीया... दमलो बघा.

तरी एक हाय, पावणं. मे महिन्यात दुपारी कोल्हापुरात माणूस गोधडी घेऊन झोपतोय, म्हणलं होतं का न्हाय मी? झोपतोय की!