भोंग्यातून न आलेला आवाज

दामिनी : थांबा काका. मग तो वाघ बसला कुठे?

शेषराव : बसंन कुठी? मागं. पुढच्या खुर्च्या सरपंचाच्या, मास्तरायच्या अन् सोसायटीवाल्यायच्या. वाघ असला म्हणून काय झालं, वशिल्याशिवाय पुढं बसू देते का कोणी?

दामिनी : आणि लोक पळाले नाहीत?

शेषराव : कोणाले दिसलाच नाही त पळन कोण? सारे स्टेजकडे तोंड करून बसलेले. मी एकटा पाह्यत होतो. ह्या जाड तारेवर बोट ठेवलं का त्याचं शेपूट हाले. बोट उचललं का बंद. आभारप्रदर्शन सुरू झालं तवा उठून गेला बिचारा.

मंजुषा : मागच्या वक्ती अस्वल होतं.

शेषराव : ते चिखलदऱ्याच्या खालचं गाव, मंजुषा. हे दुसरं.

दामिनी : काकू, तुम्ही एवढी वर्षं हे ऐकताय?

मंजुषा : ऐकत नाही वं. बसली राह्यते.

दामिनी : काका, मी साधं विचारलं होतं. बेस गिटार सोडून किती वर्षं झाली? तुम्ही डायरेक्ट मेळघाटात गेलात.

शेषराव : मी कुठी सोडली? तिनं मले सोडलं. आमचा रातराणी ऑर्केस्ट्रा, अमरावतीचा. इकडं अकोट-दर्यापूर, तिकडं मोर्शी-वरूड, लगनसराईत घरी धुवाले कपडे द्याले सवड नसे. मंग गोपालनं कीबोर्ड आणला. नवा, बटनायचा. त्याचा उजवा हात गाणं वाजवे अन् डावा हात माहं काम करे. मालक म्हणे, शेषराव, गाडीत एक सीट कमी लागते आता. झालं. एका डाव्या हातानं मले खाली उतरवलं, तेही बडनेऱ्याच्या फाट्यावर.

दामिनी : मग?

शेषराव : मंग काय, मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीच्या मोटारी. आता ते पियुष पाह्यते, आमचा पोरगा. मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकायले वाघ सांगतो.

मंजुषा : गिऱ्हाइक कमी झाले ते यानंच.

दामिनी : काका, बँडमधले बाकीचे चहाला गेलेत, तोवर स्पष्ट बोलते. राग मानू नका. आमचा अंकुर पुण्याला नोकरीला गेला, शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे, बेसला माणूस नाही. तुम्ही अमरावतीहून गाडी धरून आलात, माझ्या मामाच्या ह्या सरकीच्या गोडाऊनमध्ये पोत्यांवर बसून दुपारभर वाजवलंत. सूर पक्का आहे तुमचा, खोटं नाही सांगत. पण...

शेषराव : गिऱ्हाइकानं पण म्हटलं का मी मोटार खोलतो. बोल.

दामिनी : तुम्ही मागे येता. मी ड्रमवर ठोका मारते आणि तुमचा सूर त्याच्या एवढूसा मागून येतो. दर ठोक्याला. आमच्या गायिकेला, आरतीला, गातानाही ते समजलं. ती म्हणाली, कोणी माझी ओढणी धरून चालतंय असं वाटतं.

शेषराव : मी मागं? अवं, रातराणीत एवढे वर्ष वाजवलं, एकानं तरी म्हटलं का शेषराव मागं येते?

दामिनी : तेच मला समजत नाहीये. आणि तसंच राहिलं तर शनिवारी आम्ही बेस लॅपटॉपवरून सोडणार. आमच्या बँडमधल्या गोपीनं भरून ठेवलाय आधीच.

शेषराव : लॅपटॉप. म्हंजे तवा निदान डावा हात तरी होता, आता त्याचीही गरज नाही.

दामिनी : म्हणून विचारतेय ना. शोधू या की काय होतं ते. अजून एक, तुम्ही वाजवताना मान अशी मोडून हनुवटी गिटारच्या लाकडावर का टेकवता? गोपी म्हणाला, काका झोपले.

शेषराव : ती स्टाईल आहे. तवाचे पोट्टे माही नक्कल करत. एकाची मान तशीच राह्यली, लग्नात हार घालाले शिडी...

मंजुषा : ऐकू येत नव्हतं म्हणून.

दामिनी : काय?

मंजुषा : त्याइले सोताचंच वाजवलेलं ऐकू येत नव्हतं. म्हणून जबडा टेकवत लाकडावर. हाडातून कानात जाते म्हणे.

दामिनी : काका, खरंच?

शेषराव : हिले मधात बोलायची सवय आहे.

दामिनी : नाही, सांगा ना. स्टेजवर स्वतःचा डबा नव्हता? असा स्पीकर?

शेषराव : डबा! पोरी, तुमच्यापाशी हा काळा डबा आहे, माह्या आलमारीएवढा. आमच्यापाशी मंडपवाल्याचे भोंगे होते. निवडणुकीतही तेच, भागवत सप्त्यातही तेच, आमालेही तेच. दोन स्टेजच्या बाजूले, बाकीचे दूर दूर झाडायवर बांधलेले.

दामिनी : पण भोंग्यातून बेस येतच नाही! बारीक आवाज येतो, बोलणं येतं, बासरी येते. हा जाड आवाज त्या नळीतून निघणारच नाही.

शेषराव : ...नाहीच निघे.

दामिनी : म्हणजे एवढ्या गावांत, एवढ्या लोकांसमोर तुम्ही वाजवलं आणि...

शेषराव : वाघानं ऐकलं.

मंजुषा : मी सांगते वं तुले. आमचं लग्न जमत होतं. माह्या भावानं मले अकोटले नेलं, कापसाच्या जिनच्या मैदानात ह्याइचा कार्यक्रम होता. म्हणे, पाहून घे पोरगा. मी पाह्यलं. एक उंच माणूस, लाल शर्ट, बोटं चालून राह्यले, पण आवाज काही येत नाही. भाऊ म्हणे, गिटारले सहा तारा असते, ह्याले चारच दिल्या, अन् त्याइलेही करंट नाही. घरी बाबानं विचारलं, पोरगा काय करते? भाऊ म्हणे, उभा राह्यते.

शेषराव : तरी हो म्हटलं हिनं.

मंजुषा : मले वाटलं, एवढ्या मनापासून काय करून राह्यला हा माणूस, ते समजलं पायजे. अजून नाही समजलं.

दामिनी : घरी कधी वाजवून नाही दाखवलं?

शेषराव : डब्याबिगर ती बेस म्हंजे लाकूड. परवा पियुषच्या टीव्हीच्या स्पीकरले जोडून पाह्यली, एकच सूर काढला, स्पीकर फाटला. पियुष अजून बोलत नाही माह्याशी. अन् डबा आणला तरी एकटा बेस काय ऐकवू हिले? बेस दुसऱ्यायच्या खाली असते. घराचा निस्ता पायवा पाहाले कोणी जाते का? वर भिंती लागते, म्हंजे बाकीचा ताफा लागते. म्हणून तं मोबाइलवर तुमची बेसवाला पायजे अशी पाटी वाचली अन् फोन लावला.

दामिनी : पण एवढ्या वर्षांनी, आत्ताच का?

शेषराव : त्याचं असं झालं. आमच्या माळ्यावर एक बोका...

दामिनी : काका.

शेषराव : बोका खराच होता. गिटारच्या खोक्यात झोपे.

दामिनी : काकू, तुम्ही सांगा. का आले हे? ...काकू?

शेषराव : तिच्या समोर जाऊन बोल. अन् थोडं जाड आवाजात.

दामिनी : काकू! हे परत वाजवायला का लागले?

मंजुषा : हं. माहे कान चालले, म्हणून. कुकरची शिटी गेली पह्यले. मंग फोनची घंटी. आता बारक्या आवाजाच्या बाया बोलल्या का तोंडाकडे पाहा लागते. डॉक्टरीण म्हणे, बारीक आवाज पह्यले जाते, जाड मंग. ह्याइचा आवाज रोज धडधडीत ऐकू येते. माही तं मर्जी होती का तोच पह्यले जावा.

शेषराव : पाह्य, अशी आहे.

मंजुषा : डॉक्टरणीनं जाड मंग म्हटलं अन् हे मधातच उठले. मले वाटलं, पाणी प्याले गेले. घरी येऊन पाहते तं हे शिडीवर, माळ्यात डोकं.

दामिनी : म्हणजे... काकूंना ऐकता येतंय तोवर.

शेषराव : हिशोब सोपा होता. भोंग्यातून सारं जाये, माहंच तेवढं राहे. हिच्या कानातून सारं जाऊन राह्यलं, माहंच तेवढं राह्यलं. असा मोका दुसऱ्या कोणत्या कलाकाराले भेटला सांग.

दामिनी : हसू नका ना काका.

शेषराव : मंग काय करू? म्हणून म्हणतो, शनिवारी लॅपटॉप लावू नको. चूक दाखव, मी सुधारतो. मोटार जळाली तं फेकून नाही देत आमी, वायंडिंग उकलून पाह्यतो.

दामिनी : मग उकलू या. तुमच्या ऑर्केस्ट्रात ठेका कोण धरायचं?

शेषराव : शालिकराम. ढोलक. असा हात होता का...

दामिनी : तो कुठे बसायचा?

शेषराव : पार त्या टोकाले. मी ह्या टोकाले. मधात सिंगर, गोपाल, ट्रम्पेट, निवेदन करणारा, त्याचा कोट. शालिकराम मले दिसेच ना.

दामिनी : मग तुम्हाला ढोलक ऐकू कसं यायचं?

शेषराव : भोंग्यातून.

दामिनी : स्टेजजवळच्या?

शेषराव : नाही, त्याइचं तोंड लोकायकडे. माह्या समोर जो राहे तो. मैदानाच्या पल्याड, कडुलिंबाच्या झाडावर बांधलेला, त्याचं तोंड आमच्याकडे राहे. त्याले धरून मी वाजवो.

दामिनी : काका, तो लिंब किती लांब?

शेषराव : एका एकराच्या पार असन. कधी दोन.

दामिनी : आवाजाला तिथून परत यायला वेळ लागत नाही?

शेषराव : वेळ? कायचा वेळ?

दामिनी : शालिकरामकाकांचा ठोका तारेतून लिंबापर्यंत जायचा, लिंबावरून हवेतून तुमच्यापर्यंत यायचा, आणि मग तुम्ही वाजवायचात.

शेषराव : अरे बाप्पा.

दामिनी : आजही तुम्ही तेच करताय. मी इथे, हाताच्या अंतरावर, आणि तुम्ही लिंबावरून आवाज यायची वाट पाहताय!

शेषराव : म्हंजे मी रातराणीत सारा जन्म मागूनच वाजवलं? अन् एकानंही...

मंजुषा : कोण सांगन? तुमचं कोणाले ऐकू तं याले पायजे.

शेषराव : हसून घे. पोरी, तूही हस. लिंब गेला, मैदान गेलं, त्याच्यावर प्लॉट पडले, अन् मी अजून त्या भोंग्याची वाट पाहून राह्यलो.

दामिनी : इलाज सोपा आहे. ऐकू नका, पाहा. माझा उजवा पाय. तो खाली आला की तुमचं बोट.

शेषराव : परक्या पोरीचा पाय पाहू? ही समोर बसली आहे.

मंजुषा : पाहा. आज माही परवानगी आहे.

दामिनी : आणि हनुवटी उचला. आता आवाज डब्यातून येतो, हाडातून घ्यायची गरज नाही.

शेषराव : ते नाही जमणार.

दामिनी : का? त्यानंच तर मान दुखते तुमची.

शेषराव : मान दुखली तरी चालते.

दामिनी : काका, हाडातून आणि डब्यातून दोन्हीकडून घेतलंत तर गोंधळ होणारच.

शेषराव : तुले नाही समजत. हाडातून लय गोड लागते ते. एवढे वर्ष तेवढंच ऐकलं म्या, सोताच्या डोक्यातलं. हनुवटी उचलली तं साऱ्यायले ऐकू येते तसं मलेही येईन.

दामिनी : मग?

शेषराव : मंग खरं समजन ना वं, मले येते का नाही येत ते.

मंजुषा : उचला.

शेषराव : मंजुषा, सोपं नाही ते.

मंजुषा : म्या काही न ऐकता लग्न केलं. तुमी निस्ती हनुवटी उचला.

शेषराव : ...घे. उचलली.

दामिनी : काकू, तुम्ही इकडे या, ह्या डब्याजवळ. खुर्ची टेकवूनच बसा त्याला. तुमच्या पाठीलाही समजेल. काका, दुपारचंच हळू गाणं. मी गुणगुणते, आरतीसारखं नाही येणार. पाय पाहा. एक, दोन...

(ड्रम आणि बेस. गाणं संपतं.)

दामिनी : हं.

शेषराव : हं म्हंजे?

दामिनी : दोन वेळा लिंबावर जाऊन आलात. अंतऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटच्या ओळीत.

शेषराव : अन् बाकी?

दामिनी : बाकी बसलं. मला माझ्या पायाखाली जमीन आहे असं वाटलं. लॅपटॉपसोबत वाटत नाही तसं. खरं सांगू? शनिवारी हळू गाणी सगळी तुमची. पळती गाणी अजून नाही, ती लॅपटॉपच वाजवेल.

शेषराव : माह्या बाजूले ठेवशीन का त्याले?

दामिनी : ठेवू का?

शेषराव : ठेव. पळताना कसा दम लागत नाही त्याले ते पाह्यतो. पळतेही शिकवजो मंग.

दामिनी : दर रविवारी या. इथेच.

शेषराव : मंजुषा. ओ मंजुषा! आलं का ऐकू?

मंजुषा : ओरडू नका. आलं.

शेषराव : सारं?

मंजुषा : हिचं गाणं नाही आलं. ते ड्रमचं वरचं टकटकही नाही. तुमचंच आलं फक्त.

शेषराव : मंग? कसं होतं? खरं सांगजो.

मंजुषा : तुमच्यावानी नाही बोलत ते.

शेषराव : म्हंजे कसं?

मंजुषा : थोडकं बोलते. मधात थांबते. मले वाटे, तुमी तथी उभं राहून लोकायले लय काही सांगत असान. तुमी तं सारा वेळ दुसऱ्यायले सांभाळून राह्यले होते.

दामिनी : काका? तारा काय पुसत बसलात?

मंजुषा : राहू दे त्याइले.

दामिनी : मी बाकीच्यांना बोलावते. आरतीला सांगते, काका फायनल म्हणून.

मंजुषा : बोलावशीन वं, घाई कायची आहे? चहा पिऊ दे पोरायले. आंधी एकडाव अजून होऊ दे.