सव्वीस दिवसांचं लेकरू

माह्यं नाव द्वारका. लगन होऊन मेडशीत आली तवापासून इथंच हाये. सासू लेकरं न्हाऊ घाले, मी तिच्या मांगं गरम पान्याची बादली घेऊन जात होती, मंग तिचे गुडघे गेले अन तिचं काम माह्याकडं आलं. सकाळी तीन-चार घरी बाळंतीन अन लेकरू न्हाऊ घालाचं, दुपारी वावरात निंदाले जाचं. आता मोटरसायकली फिरवतात ना, थे पोट्टे माह्या पायावर न्हायलेले हायेत. एखाद्याले म्हनतो बी, अकड कायले दाखवतं रे, तुह्यं नाक म्याच तेल लावून सरळ केलं.

काय सांगू तुमाले, पोट्टं पायावर घेतलं अन गरम पानी पडलं का धार सोडते, सिद्धी तोंडावर. घरच्या बाया हासतात, घ्या द्वारकाबाई, आहेर भेटला. माह्या नातवानं मले असा आहेर एक दिवस देल्ला नाही. दुसऱ्या कोनाले समजलं नसतं तं चाललं असतं. मले समजाले पाह्यजे होतं.

अर्चना माही एकुलती पोरगी, तिचं सासर मानोऱ्याकडं. सातव्या महिन्यात वाशीमले सोनोग्राफी केली तं डॉक्टरीनबाई म्हने, पोटातल्या लेकराच्या दोन्ही किडन्या सुजल्या हायेत, लघवीची पिशवी बी भरलेली दिसून राह्यली. बाळंतपन दवाखान्यातच करा, अन झाल्यावर आठवड्याच्या आत लेकराची सोनोग्राफी करून दाखवा, घाबरू नका पन टाळू नका. अर्चनानं मले सारं सांगतलं. लपवलं नाही काही. पहिलं बाळंतपन म्हनून माहेरी आली, दवाखान्यातच मोकळी झाली, पोरगा झाला, हाच आमचा श्रेयस. तिसऱ्या दिवशी घरी आनलं.

सातव्या दिवशी थे म्हने, आई, सोनोग्राफीले जाचं हाये. म्या म्हनलं, कच्ची बाळंतीन एसटीत बसते का, अंगात वारं भरलं तं जन्मभर कंबर धरून बसशीन. सव्वा महिना होऊ दे, मी स्वतः नेतो. थे म्हने, डॉक्टरीनबाईनं आठवडा सांगतला. म्या म्हनलं, डॉक्टरीनबाईनं किती लेकरं न्हाऊ घातले? जवायाचा फोन आला, त्यायले बी म्या तेच सांगतलं, दिवसाचे बारा-तेरा लंगोट ओले होतात, दोरीवर जागा पुरत नाही, लघवी अडली असती तं लंगोट ओले झाले असते का? मानूस दूर, थे काय बोलतीन. अन अर्चनाचा माह्यावर भरोसा, सारं गाव माह्या हाती लेकरं देते तं आपली आई कायले चुकन.

थे थेंब थेंब गळत होतं. भरलेली टाकी वरून सांडते तसं. लंगोट ओले होतच राहतीन ना. पन हे मले मंग नागपूरले समजलं.

विसाव्या दिवशी तेल लावतानी ओटीपोटात हाताले गोळा लागला, लिंबाएवढा, टनक. म्या म्हनलं वारा धरला. बेंबीभवती हिंग लावला, शेक देल्ला. लेकरू कुंथे, तोंड लाल करे, म्या म्हनलं पाह्य आमचा पैलवान जोर करून राह्यला. हासलो आमी. अर्चना बी हासली.

सव्वीसाव्या दिवशी दूध तोंडात धरेना. अंग तापलं, मंग एकदम थंड पडलं. ऑटो करून वाशीमले नेलं. डॉक्टरनं पोटावर बोट ठेवलं, बारीक नळी घातली, तं गढूळ लघवी, वास मारे, येतच राह्यली, एवढुशा जीवात एवढं पानी. डॉक्टर रागावले नाहीत आमाले. एवढंच इचारलं, जन्मल्यापासून याची धार पाह्यली का कोनी? अर्चनानं माह्याकडं पाह्यलं.

तिथूनच नागपूरले पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं, लघवीच्या वाटेत जन्मापासूनच पातळ पडदा हाये, लघवी अडते, उलटी वर जाते, अन किडन्या फुगतात. अंगात पिकलेलं इन्फेक्शन उतराले दहा-बारा दिवस गेले, तवा दुर्बीन घालून पडदा कापला. ऑपरेशन चांगलं झालं. पन एक किडनी कामातून गेली होती, दुसरी अर्धीमुर्धी. म्या इचारलं, आधी आनलं असतं तं? डॉक्टर म्हने, काही नुकसान पोटातच झालं होतं, काही या इन्फेक्शननं झालं, कोनतं किती थे सांगता येत नाही. मी थे किती म्हनजे किती, आजवर मनात मोजून राह्यली हावो.

अर्चना दवाखान्यातून सिद्धी सासरी गेली. दोन वर्सं माहेरी आली नाही. भांडली असती तं बरं झालं असतं. फोन लावला का म्हने, श्रेयस झोपला हाये, ठेवतो.

आता मले कोनी न्हाऊ घालाले बोलावलं तं आधी म्हनतो, सोनोग्राफीचे कागद दाखवा, अन पोट्ट्याची धार पाहा. बाया म्हनतात, द्वारकाबाई, शिकल्या का तुमी डॉक्टरकी? मी म्हनतो, हो शिकली. काहून शिकली थे नाही सांगत.

औंदा सोयाबीन काढाची घाई होती, जवायाले येता आलं नाही, म्हनून श्रेयसच्या तपासनीले अर्चनानं मले सोबत नागपूरले नेलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हने, आहे थे किडनी औषधावर जितकी चालन तितकी चालवू, मोठा झाल्यावर बदलाची वेळ येऊ शकते. म्या म्हनलं, आजीची चालते का? म्हने, जुळली तं चालते, पन तुमचं वय किती? म्या म्हनलं, पंचावन असन. म्हने, याले लागेपर्यंत तुमी म्हाताऱ्या होसान, मंग नाही घेता येत. म्या म्हनलं, मंग साहेब, आताच काढून ठेवा ना. डॉक्टर हासले नाहीत. तसं ठेवता येत नाही आजी, म्हने.

बाहेर आल्यावर अर्चना बाकड्यावर बसली. मंग म्हने, सकाळपासून काही खाल्लं का तू?

तवापासून रोज पहाटे रोडनं पायी चालून येतो, मीठ कमी केलं, बीपीची गोळी चुकवत नाही. बाया हासतात, या वयात कोनाले दाखवाची हाये तब्येत? हासू द्या. डॉक्टर नाही म्हनला तरी माही किडनी मी जपून ठेवली हाये. लेकराले तिचं काम न पडो.