सहीची रांग

व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध आमच्या डोंगरी मुलुखानं केलेलं बंड त्या सप्टेंबरात मोडलं. ‘यापुढे कायदा पाळीन’ अशा कागदावर सही करायला गिरणीपुढे पुरुषांची रांग लागली होती. मी नऊ वर्षांची, शाळामास्तर वडिलांचा हात धरून उभी होते. आमच्या पुढे एक अनोळखी म्हातारा आणि त्याची मुलगी बोलत होते.

“बाबा, रांग सोडून कुठे निघालात?”

“घोड्याला पाणी पाजतो.”

“चालत आलोय आपण!”

“मग मीच पितो.”

“सही नाही केलीत तर पलटण दारात येईल. तेरा हजार शिपाई बोलावलेत म्हणे.”

“तेरा हजार! स्वातंत्र्यासाठी राजाशी लढताना एवढे आम्ही क्वचितच जमलो, जेनेट. आणि आता आमच्या भट्ट्यांवर?”

“थट्टा पुरे. नाव लिहिता येतं ना तुम्हाला?”

“येतं. फौजेत भरती होताना सार्जंटनं ढोलावर कागद ठेवून शिकवलं. त्या दिवशी लिहिलं, तेवढंच.”

“मग आज पुन्हा लिहा. तुम्हाला धरून नेलं तर मी कुणाकडे बघू?”

म्हातारा टेबलापाशी गेला.

“नाव?” कारकुनानं विचारलं.

“आर्चीबाल्ड गिलफिलन.”

“लिहिता येतं?”

“नाही, साहेब.”

“मग इथे फुली मारा.”

त्यानं फुली मारली. जेनेटनं बापाची टोपी हातात घेतली, तिच्यावरची धूळ झटकली आणि ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

मग आमची पाळी आली.

“लिहिता येतं?”

“नाही,” वडील म्हणाले.

कारकुनानं मान वर केली. “मास्तर, मला लिहायला तुम्हीच शिकवलंत.”

“हो रे. फुली कुठे मारू?”